पुलाखालून बरंच पाणी वाहून जातं, तेव्हा पुलाचं काय होतं?

जुनं भांडण असतं, दोन्ही बाजूंचा राग निवलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे ना आता, पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलंय". म्हणजे काळ गेला, विषय मिटला, आता उकरून काढू नका. बोलायला छान वाक्य आहे, मीसुद्धा वापरतो. पण मी सिव्हिलवाला, गेली बरीच वर्षं पुलांच्या तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की मला त्या पुलाची काळजी वाटायला लागते, कारण पाणी नुसतं जात नाही, जाताना पुलाच्या पायाखालची माती, वाळू, गोटे असं काहीतरी घेऊन जातं. आपल्या दृष्टीने जे वाहून गेलं ते संपलं, पण पुलाचा हिशोब तिथूनच सुरू होतो. हे एकदा नीट समजलं की पूल का पडतात, बऱ्याचदा पावसाळ्यातच का पडतात आणि आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत दिसणारा पूल रात्रीत कसा जातो हे सगळं कळतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पण खाली जाण्याआधी वरचं थोडं बघू.

पूल म्हणजे ओझं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची सोय. गाडी उभी असते नदीच्या मध्यावर, पण तिचं वजन शेवटी जमिनीलाच पेलायचं असतं, मग ते वजन स्लॅबवरून गर्डरवर, म्हणजे खालच्या आडव्या तुळयांवर, गर्डरवरून बेअरिंगवर, बेअरिंगवरून खांबावर आणि खांबावरून पायात असं उतरत उतरत जातं. दोन खांबांच्या मधल्या अंतराला आपल्याकडे गाळा म्हणतात, सात गाळ्यांचा पूल, नऊ गाळ्यांचा पूल वगैरे. आता हा गाळा पार करायचा कसा यावरून पुलांच्या जाती पडतात.

सगळ्यात साधी जात म्हणजे फळी. दोन विटांवर एक फळी ठेवा आणि मधे उभे राहा, फळी वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटचं असं आहे की त्याला कितीही दाबा, ते सोसतं, पण ताणलं की लगेच तडकतं, दाबाच्या मानाने ताण सोसायची त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून खालच्या बाजूला लोखंडी सळई घालतात, ताण सळईने घ्यायचा, दाब काँक्रीटने. मोठ्या गाळ्याला तेवढं पुरत नाही, मग प्रीस्ट्रेसिंग करतात. हे समजायला शेल्फवरची दहा पुस्तकं घ्या, ओळीने उभी, दोन्ही बाजूंनी तळहाताने घट्ट दाबा आणि उचला, सगळी एकदम उचलली जातात, खाली काहीच आधार नसताना मधलं पुस्तकही पडत नाही. गर्डरमध्ये स्टीलच्या केबल टाकून, जॅकने ओढून, त्या ताणलेल्या अवस्थेत अडकवून ठेवतात आणि मग काँक्रीट कायमचं दाबात राहतं. फार सुंदर युक्ती आहे, पण तिचा सगळा भार त्या केबलवर, आणि त्या केबल काँक्रीटच्या पोटात, बाहेरून दिसत नाहीत. गोव्यात मांडवीवरचा पणजीचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. बांधून दोन दशकंसुद्धा झाली नव्हती. खाऱ्या हवेत, खाऱ्या पाण्याच्या तोंडावर त्या केबल आतून गंजत गेल्या होत्या. त्यानंतर पणजी आणि पर्वरीच्या लोकांनी फेरीबोटीच्या रांगेत किती काळ काढला ते त्या पिढीतल्या कुठल्याही गोंयकाराला विचारा.

दुसरी जात कमानीची. दगडाला ताण अजिबात चालत नाही, म्हणून जुन्या लोकांनी आकारच असा शोधला की ज्यात ताण येतच नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो, वरून वजन आलं की सगळे एकमेकांना अजून घट्ट दाबतात, म्हणून चुन्यात बांधलेले दगडी पूल शंभर दीडशे वर्षं आरामात उभे राहतात. खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल १८३० चा, तो काही आपणहून पडला नाही, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे एक्स्प्रेस वे रिकामा होता तेव्हा सुरुंग लावून पाडावा लागला. कमानीची एकच अट असते, दोन्ही टोकांचे पाय हलता कामा नयेत, कारण कमान पायांना खाली तर दाबतेच पण बाहेरही ढकलत असते. पाय जरासा सरकला की कमान उघडते, आणि ओळीने कमानी असतील तर प्रत्येक कमान शेजारणीला टेकून उभी असते, एक गेली की पुढचीचा आधार जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केबलवाले पूल आता सगळ्यांना माहीत आहेत. वांद्रे-वरळी सी लिंक, ३० जून २००९ ला सुरू झाला, पूर्ण लांबी ५.६ किलोमीटर, पण केबलवर तोललेला भाग त्यातला किलोमीटरभरही नाही, त्यातला मोठा तुकडा ५०० मीटरचा, त्याच्या मधोमध सव्वाशे मीटरहून उंच मनोरे, आणि त्यांच्यापासून तिरप्या केबलनी रस्ता उचलून धरलाय. बाकीचा सगळा साधा गर्डरचाच पूल आहे, खांबावर खांब. फोटोत केबलच येतात म्हणून आपल्याला वाटतं सगळा पूल केबलवर आहे. अटल सेतूचंही तसंच, २१.८ किलोमीटर लांब, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, तिथे मोठ्या गाळ्यांना काँक्रीटऐवजी स्टीलचे डेक, म्हणजे रस्ता पेलणारा वरचा भाग, वापरलेत कारण ते वजनाला हलके पडतात, त्यातला सगळ्यात मोठा गाळा १८० मीटरचा आहे. मला स्वतःला मात्र या सगळ्यांपेक्षा कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल जास्त आवडतो, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. एवढ्या उंचीवर खालून सेंट्रिंग, म्हणजे ओलं काँक्रीट पेलायचा टेकू, कुठून लावणार, तर एका टोकाला जमिनीवरच गर्डरचा तुकडा ओतायचा आणि जॅकने पुढे ढकलायचा, त्याच्या मागे पुढचा तुकडा ओतायचा, परत ढकलायचा, असा तो अख्खा पूल टूथपेस्टसारखा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवत नेला. भारतात ही पद्धत पहिल्यांदा तिथेच वापरली गेली.

पुलावरून गाडी जाताना थोड्या थोड्या वेळाने ठक्-ठक् असा आवाज येतो ना, तो सांध्याचा. पूल उन्हाने लांबतो आणि थंडीत आखडतो, शंभर मीटर स्टीलला तीस डिग्रीचा फरक पडला तर ३६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास दीड इंच. ही जागा सोडली नाही तर पूल स्वतःलाच ढकलून तडे पाडून घेईल. म्हणून सांधे, आणि म्हणूनच गर्डर खांबावर चिकटवलेला नसतो, मधे बेअरिंग असतं, हल्ली बहुतेक रबराचं, काळं, जाड पाटासारखं. कधी पुलाखालून चालत जायची वेळ आली तर खांबाच्या डोक्यावर बघा, दिसेल. आपल्याकडे दुर्लक्ष कुठे होत असेल तर या दोन ठिकाणी. सांध्यात माती भरते, त्यात गवत उगवतं, डांबराचा नवीन थर टाकताना सांधा सरळ बुजवून टाकतात, मग पाणी वाट काढत बेअरिंगवर उतरतं आणि तिथून पुढे सगळं बिघडत जातं.

अजून एक गोष्ट सांगतो जी लोकांना खरी वाटत नाही. पुलावर गाड्यांपेक्षा माणसांची गर्दी जड असते. एक छोटी कार साधारण टनभर वजनाची आणि ती सातेक चौरस मीटर जागा अडवते, म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोसुद्धा नाही. त्याच जागेत माणसं दाटीवाटीने उभी केली तर पस्तीसेक मावतील, साठ किलोच्या हिशोबाने दोन टनांच्या वर गेलं. म्हणून पादचारी पूल काढताना चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत गर्दीचं वजन धरतात. मावळात इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला आणि चौघांचा जीव गेला. शेतावर जाण्यायेण्यापुरत्या पुलावर सेल्फीसाठी माणसं थांबून राहिली की त्याच्यासाठी ते वेगळंच ओझं असतं, आणि त्यात लोखंड आधीच गंजून पातळ झालेलं असेल तर काय होणार.

आता खाली येऊ. नदीच्या तळाशी.

नदीत पाया घालायची आपल्याकडची जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत म्हणजे विहीर पाया, वेल फाउंडेशन. विहिरीला कडं बांधताना गावात बघितलं असेल तर लगेच कळेल. काँक्रीटचं मोठं गोल कडं नदीच्या तळावर उभं करायचं, त्याच्या खालच्या काठाला लोखंडी धार, आणि आतली वाळू, माती क्रेनच्या पंज्याने उपसत राहायचं. आतून माती निघेल तसं कडं स्वतःच्या वजनाने खाली बसत जातं, वरून पुढचं कडं ओतायचं, परत उपसायचं. असं करत करत खडकाला लागेपर्यंत किंवा पुरेशा खोलीला पोचेपर्यंत जायचं, मग तळ काँक्रीटने बंद करायचा. कधी कडं वाकडं बसतं, कधी मधेच मोठा गोटा लागतो आणि महिनाभर काम अडतं, एकेका विहिरीवर माणसांचे हिवाळे उन्हाळे जातात आणि पूल सुरू झाल्यावर त्यातलं काहीच दिसत नाही.

पुरेशी खोली म्हणजे किती? इथे ते वाहून गेलेलं पाणी येतं.

समुद्रावर गेल्यावर लाटेत पाय रोवून उभं राहायचा खेळ सगळ्यांनी खेळलाय. लाट परत जाताना टाचेखालची वाळू सरकते, गुदगुल्या होतात, दोनचार लाटांत पाय घोट्यापर्यंत खड्ड्यात. तुम्ही हललेले नसता, तुमच्या पायाला अडून पाणी भोवरा करून वळतं आणि तो भोवरा वाळू उचलून नेतो. पुलाच्या खांबाचं अगदी हेच होतं. पुराचं पाणी खांबाच्या नाकावर आदळतं, अडल्यावर खाली वळतं, तळाशी जाऊन माती उकरतं आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालासारखा भोवरा करत निघून जातं. आमच्या धंद्यात याला स्कावर म्हणतात, मराठीत तळखोदाई म्हणू. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे नेहमीची नदी दहा वर्षांत जेवढं उकरत नाही तेवढं पुराची एक रात्र उकरते. पुराच्या पाण्याच्या पातळीपासून सगळ्या पात्राचा तळ सरासरी जेवढा खाली जाईल असा अंदाज निघतो, खांबापाशी त्याच्या दुप्पट धरायचं असा आपल्याकडच्या रस्तेपुलांच्या नियमावलीतला हिशोब आहे, आणि पाया त्याच्याही बराच खाली न्यायचा.

हा हिशोब नव्या पुलांचा. जुन्या पुलांच्या वेळी नदी वेगळी होती. तेव्हा तिच्या पात्रात एवढी वाळू होती की ती वाळूच पायाचं पांघरूण होती. आता तीच वाळू ट्रकांनी उचलली गेली. वाळूउपशाने पात्र दोनचार मीटर खाली गेलं तर जो पाया आजोबांच्या काळात आठ मीटर जमिनीत होता तो आज चार ते सहा मीटरच जमिनीत आहे, कुणी पुलाला हातही न लावता. वाळूचोरीच्या बातम्या आपण पर्यावरणाच्या पानावर वाचतो, त्या माझ्या मते पुलांच्याच बातम्या आहेत आणि त्याबद्दल मला खरोखर संताप येतो.

२ ऑगस्ट २०१६. महाडजवळ मुंबई-गोवा हायवेवरचा सावित्रीवरचा जुना पूल, १९२८ चा, दगडी कमानींचा, मघाशी सांगितलं तशा एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, सावित्रीला महापूर, आणि पूल गेला. अंधारात समोर रस्ता नाहीये हे कळायच्या आत राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसट्या आणि काही छोट्या गाड्या नदीत गेल्या. कोकणातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही, त्या रात्रीच्या एसटीत बसलेलं किंवा त्या दिवशी नेमकं तिकीट रद्द केलेलं असं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत निघतं. कितीतरी दिवस नदीत, खाडीत शोध चालू होता. शेजारीच दुसरा नवीन पूल होता आणि तो उभा राहिला, पडलेल्या पुलाच्या जागी काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नवा पूल बांधून जून २०१७ मध्ये सुरूही केला. पण मला कायम टोचत राहिलेली गोष्ट वेगळी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात जुन्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला ठीक असल्याचं सांगितलं गेलं होतं.

मे महिना. आता तळखोदाईचा सगळ्यात फसवा भाग सांगतो. पूर चढतो तेव्हा खांबाशी खड्डा पडतो, पूर्ण पूर असताना तो सगळ्यात खोल असतो, आणि पूर ओसरायला लागला की वेग कमी झालेल्या पाण्यातला गाळ, वाळू त्याच खड्ड्यात खाली बसते. पाणी उतरेपर्यंत खड्डा भरून जातो. उन्हाळ्यात तुम्ही कोरड्या पात्रात उतरून, डोक्यावर टोपी घालून खांबाभोवती फिरता तेव्हा तळ सपाट दिसतो, सगळं जागच्या जागी दिसतं. पण आत भरलेला गाळ भुसभुशीत असतो, मूळची घट्ट जमीन गेलेली असते, पुढच्या पुरात तो गाळ पहिल्या तासातच निघून जातो आणि खोदाई तिथून पुढे सुरू होते. म्हणजे जखम फक्त पुरातच उघडी असते, आणि पुरात तिथे कुणी उतरू शकत नाही. सावित्रीच्या बाबतीत नेमकं काय झालं यावर मी इथे बसून निवाडा देणार नाही, पण कोरड्या नदीत डोळ्यांनी केलेली पाहणी पायाबद्दल फार थोडं सांगते एवढं मी खात्रीने सांगतो. यासाठी उपाय आहेत. पुरातच पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजणं हा सगळ्यात जुना, खांबाला सोनार नावाचं यंत्र बसवून आवाजाच्या लहरींनी सतत खोली मोजणं हा आताचा, खांबाभोवती मोठे दगड रचून पिचिंग करणं, जाळीत दगड भरून टाकणं. यातलं काहीच परग्रहावरचं तंत्रज्ञान नाही.

आता जरा शब्दांकडे वळतो, कारण शब्दांतच बरंच सापडतं. सेतू हा संस्कृत शब्द, त्याचा जुना अर्थ बांध, बंधारा, शेताची हद्द असाही होतो. म्हणजे पार करून देणारा तोही सेतू आणि अडवणारा तोही सेतू. मला हे वाचलं तेव्हा फार नवल वाटलं, कारण हे पुलाबद्दल अक्षरशः खरं आहे, वाईट बांधलेला पूल बांधच होतो. पैसे वाचवायला गाळे कमी आणि अरुंद ठेवले, नळ्याची मोरी टाकून भागवलं, की पुरात ओंडके, झुडपं, प्लास्टिक येऊन अडकतं, वरच्या बाजूला पाणी फुगतं, गावात शिरतं, आणि जे पाणी उरलेल्या जागेतून जातं ते जास्त वेगाने जातं आणि तळ जास्त उकरतं. पूल किती लांब असावा हे नदीने ठरवायचं असतं. किंवा मग सरळ पाण्याला वरून जाऊ द्यायचं, ठेंगणा फरशी पूल बांधायचा. पुण्याचा भिडे पूल तसा, खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि दरवर्षी बातमी येते. बाहेरच्यांना वाटतं पूल खराब आहे, पण ठेंगणा पूल बुडायच्या हिशोबानेच बांधतात, नीट बांधलेला असेल तर बुडतो आणि पाणी उतरल्यावर परत वापरात येतो. फक्त तो बुडालेला असताना गाडी घालायची नाही, फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी सरकवू शकतं आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगायला लागतात. दरवर्षी यात माणसं जातात आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

पूल हा शब्द फारसीतून आला. आणि जरा विचार केलात तर आपल्या संतांच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात पूल फारसा भेटतच नाही, तिथे भवसागर तरून जायचा असतो, नावाडी असतो, ऐलतीर पैलतीर असतो. साहजिक आहे, दख्खनच्या नद्यांवर त्या काळी पूल होतेच किती, लोक उन्हाळ्यात उतार बघून नदी ओलांडायचे आणि पावसाळ्यात नावेने. पुण्याचा लकडी पूल पानिपतानंतरच्या दिवसांतला म्हणतात, आज त्यात लाकूड औषधालाही नाही, कागदोपत्री नाव संभाजी पूल, वरून मेट्रो जाते, पण लोक लकडी पूलच म्हणतात. आणि पुलावरून आलेली आपली सगळ्यात जवळची म्हण म्हणजे खारीचा वाटा. रामाच्या सेतूसाठी खार वाळूत लोळून अंगाला लागलेली वाळू दगडांत जाऊन झटकायची, अशी ती गोष्ट. आपण ती कौतुकाने, जरा लहान करून सांगतो. पण दगडी पुलात काम केलेला कुठलाही गवंडी सांगेल की दगडांच्या मधली भर हेच खरं काम आहे. सांध्यांतला चुना धुऊन गेला, त्या जागी पिंपळाचं, उंबराचं रोप रुजलं, मूळ आत शिरलं की टनावारी दगड सुटे व्हायला लागतात. खारीचं काम बंद पडलं की पूल पडायला सुरुवात होते.

आजच्या बोलण्यात सेतू म्हटलं की उत्पन्नाचा दाखला आठवतो, सेतू केंद्रातली रांग आठवते. कोविडनंतर २०२१ मध्ये शाळांत सेतू अभ्यासक्रम आला, ४५ दिवसांचा, आधीच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला. दोन्ही नावं मला आवडतात, कल्पना बरोबर आहे, माणूस इकडे आणि त्याचा हक्क तिकडे, मधे पाणी. पण पूल म्हटला की पुलाचे नियमही लागू होतात. अंधेरीचा गोखले पूल आठवा. ३ जुलै २०१८ ला त्याचा एक भाग रेल्वेरुळांवर पडला, पुढे सगळा पाडून नवा बांधायला घेतला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू सुरू झाली आणि बघतात तर शेजारच्या बर्फीवाला फ्लायओव्हरच्या टोकाशी उंचीच जुळत नाही, माणसाच्या उंचीइतकी पायरी. शेवटी बर्फीवालाचा स्लॅब जॅकने उचलून तो सांधा जुळवावा लागला. सेतू केंद्रात फॉर्म ऑनलाइन पण म्हातारीला ओटीपी म्हणजे काय माहीत नाही, सेतू अभ्यासक्रम मोबाइलवर पण घरात मोबाइल एकच आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला, हे अगदी असंच आहे. पलीकडचं टोक पलीकडच्या जमिनीच्या उंचीला उतरवायला लागतं, तिथे जाऊन उंची मोजायला लागते. माणसामाणसांतलंही तेच, "आमच्यात आता काही नाही, बरंच पाणी वाहून गेलं" म्हणणारी दोन भावंडं मी बघितलीत, वरून येणंजाणं सुरळीत, लग्नकार्याला आहेर, आणि पायाखालची माती केव्हाच गेलेली, एका सातबाऱ्याच्या कागदावर दोन मिनिटांत सगळं कोसळलं. तो भरलेला खड्डा होता. बाहेरून सपाट दिसत होता इतकंच.

आणि साकव. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, साकव म्हणजे पऱ्यावरचा, ओढ्यावरचा छोटा पायपूल. संस्कृत संक्रम, म्हणजे ओलांडणं, त्यातून हा शब्द आला. आमच्या वाडीचा साकव पोफळीच्या खोडांचा होता, चार खोडं शेजारी शेजारी, काथ्याने आवळलेली, एका बाजूला बांबूचा कठडा, मधे दोन लाकडी मेढी, म्हणजे आधाराचे खांब. मृगाच्या आधी वाडीतली सगळी घरं एकेक माणूस द्यायची आणि दोन दिवसांत तो नव्याने बांधायची. कुणालाही असं वाटत नव्हतं की एकदा बांधला म्हणजे झाला. आम्ही पोरं त्याच्यावरूनच शाळेत जायचो.

आजोबा चौथी शिकलेले. पण श्रावणात पऱ्या भरून वाहत असला की सकाळी आमच्या आधी ते साकवावर जायचे, मधल्या मेढीशी ओणवे व्हायचे आणि हातातली लांब बांबूची काठी मेढीच्या बुडाशी पाण्यात रोवून बघायचे. काठीवर त्यांनी कोयत्याने खाच पाडून ठेवलेली होती. खाच पाण्याच्या वर राहिली तर हात करून आम्हाला बोलवायचे. पुराचं पाणी चढलेलं आहे हे ते धरूनच असायचे, त्यासाठी वर दुसरी खाच होती. दोन्ही बुडाल्या तर काही न बोलता काठी खांद्यावर टाकून परत यायचे, साकवाच्या तोंडाला आडवा बांबू लावायचे, आणि त्या दिवशी शाळा नाही. साकव तर दिसायला कालच्यासारखाच असायचा, आम्ही तसं म्हणायचोही. ते म्हणायचे, वरून नको बघू.